पंचावन्न तास

सातपूर, नाशिक
२ जून २०२५

दादा,

कागदावर पत्र बघून तुला नवल वाटेल. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, शेखरचा फोन उचलत नाहीस, आणि अण्णांनी लावला तर नुसता वाजत राहतो. मग दुसरं काय करणार. तुझा पत्ता आईच्या पिशवीत सापडला. तू पाठवलेल्या स्वेटरच्या खोक्यावरचा कागद तिने नीट फाडून जपून ठेवला होता.

अण्णांसाठी लिहितेय. एप्रिलपासून त्यांना चालताना दम लागतो. बांधापर्यंत गेले की खाली बसतात. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झाली आहे, चौऱ्याहत्तराव्या वर्षी ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्यांवर जितके दिवस निघतील तितके. मखमलाबादचा मळा ते सोडत नाहीत. शेखरने सातपूरला लेक-जावयाकडे या म्हटलं तर गुलछडी कोण तोडणार म्हणतात. मी रोज सकाळी डबा घेऊन जाते.

तुझं नाव ते काढत नाहीत. पण परवा पाण्याची मोटर बंद पडली, तर माणूस येईपर्यंत तीनदा म्हणाले, हे काम घरातच व्हायचं. कोण करायचं ते म्हणाले नाहीत.

आई गेली त्या आठवड्यात तुझ्यावर अन्याय झाला, हे मला कळतं. दवाखान्यात माझी तारांबळ उडाली होती. दिवस कुठला, वार कुठला, काही सुधरत नव्हतं. तुला कळवायला उशीर झाला. पण अण्णांवर राग धरू नकोस. ते बोलले ते दुःखात बोलले. एकदा त्यांना फोन कर. मला नको करूस.

सविता वहिनींना नमस्कार.

शुभांगी

सातपूर
१ जुलै २०२५

दादा,

पत्र तुला १९ तारखेला मिळालं, सही झाली, असं पोस्टाच्या साइटवर दिसतं. अण्णांना तुझा फोन आला नाही. आला असता तरी मला हे दुसरं पत्र लिहावं लागलंच असतं, कारण पहिल्यात मी खोटं लिहिलं. तारांबळ वगैरे काही नव्हती. मला वारही माहीत होता आणि वेळही.

गेल्या वर्षीचा सोमवार, ११ मार्च, सकाळचे दहा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, आता डायलिसिसचा उपयोग नाही. दोन दिवस, फार तर तीन. लांबचं कोणी असेल तर बोलावून घ्या.

मी बाकड्यावर बसले आणि फोनमध्ये टाकलं, ऑकलंड ते मुंबई किती अंतर. बारा हजार तीनशे किलोमीटर आलं. सरळ उडालं तर पंधरा तास, पण सरळ विमान नाही. सिंगापूरला बदलून वीस-बावीस तास. त्यात मुंबईहून नाशिकला गाडीचे पाच धरले. तुझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मंगळवारी सकाळी तू निघाला असतास तर बुधवारी उजाडताना आईजवळ असतास. दादा, मी हे सगळं मोजलं. मोजून झाल्यावर फोन पिशवीत ठेवला.

अण्णा खाली चहा घ्यायला गेले होते. वर आले तेव्हा म्हणाले, "भारतला कळीवलं का?" मी म्हटलं, "हो, आत्ताच."

तुला फोन केला तो बुधवारी संध्याकाळी पाचला. मधे पंचावन्न तास गेले. गुरुवारी सकाळी सहा वाजता आई गेली. तू शनिवारी सकाळी आलास तेव्हा अंगणात वीस माणसं बसली होती आणि राख सावडून झाली होती. अण्णा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "सोमवारी सांगितलं तर शनिवारी आला. तुला आई जड झाली होती." तू म्हणालास, "मला बुधवारी कळलं, अण्णा." ते म्हणाले, "खोटं बोलू नको, तिच्या फोटूसमोर तरी." तू माझ्याकडे बघितलंस. "शुभे, सांग ना." आणि मी म्हटलं, "आता कशाला तो विषय."

तू दहाव्यालासुद्धा थांबला नाहीस. तेव्हापासून गावात तुझी ओळख एकच. आईच्या शेवटाला न आलेला पोरगा.

का केलं, हे तू विचारशील. मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की तुझ्या तिथं कायम राहायच्या कागदांचं काम चालू होतं, त्यात खोडा नको म्हणून. तसं नव्हतं.

सहा वर्षं तू आला नव्हतास. आधी करोनात तिकडच्या सीमा बंद, मग कागद, मग नवी नोकरी. तुझं तिथं काय चाललं होतं, मला माहीत नाही. मला इतकं माहीत आहे की दोन वर्षं आठवड्यातून तीनदा मी तिला गाडीवर मागे बसवून डायलिसिसला नेत होते. सुट्ट्या जास्त झाल्या म्हणून कंपनीने मला काढलं. तिथल्या तपासणीच्या टेबलाशी नऊ वर्षं उभी होते मी. आणि आई दर नव्या नर्सला सांगायची, "माझा मुलगा न्यूझीलंडला असतो. थंड गोदामांची मशिनं त्याच्याशिवाय चालत नाहीत." त्या सोमवारी मी तिचे केस विंचरत होते. नर्सने विचारलं, "ही कोण, मुलगी का?" आई म्हणाली, "हो. ही इथंच असते जवळ."

एवढंच. वाईट काही बोलली नाही ती. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी बोलावलं.

मला वाटलं, तू येशील, दारात उभा राहशील आणि तिचे उरलेले दोन दिवस तुझे होतील. ते दोन दिवस मला हवे होते.

क्षमा मागत नाही. ती तुझ्याकडे मागायला आधी अण्णांना सांगावं लागेल आणि ते मी अजून केलेलं नाही.

शुभांगी

सातपूर
२१ जुलै २०२५

दादा,

अण्णांना सांगितलं. शुक्रवारी.

ते पडवीत गुलछडीच्या जुड्या बांधत होते. मी डबा ठेवला आणि समोर बसून सुतळी कापून देऊ लागले. दोन-तीन जुड्या झाल्यावर म्हटलं, "अण्णा, आई गेली तेव्हा दादाला मी सोमवारी फोन केला नव्हता. बुधवारी केला."

त्यांना वाटलं मी घाबरून विसरले होते. म्हणाले, "व्हतं बाई आसं, दवाखान्यात."

तिथं मी गप्प बसले असते तर सुटले असते, दादा. त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. मी म्हटलं, "विसरले नव्हते. मुद्दाम केला नाही."

त्यांनी हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. मग पुढची घेतली. ती बांधताना म्हणाले, "म्हंजी पोरगं खरं बोलत व्हतं."

"हो."

"आन म्या वीस मानसांत..." रागावले असते, एखादी ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. टोपलीतली सगळी फुलं संपेपर्यंत ते जुड्या बांधत बसले. उठताना भिंतीला हात लावून उठले आणि म्हणाले, "उद्यापून डबा आनू नको."

दुसऱ्या दिवशी मी नेला. दार आतून बंद होतं. उंबऱ्यावर ठेवून आले. संध्याकाळी शेखर तो जसाच्या तसा परत घेऊन आला.

काल रविवारी ते स्वतः बस बदलून सातपूरला आले. मला वाटलं माझ्याशी बोलायला आले. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. शेखरला म्हणाले, "पासपोर्ट कसा काढत्यात, पाव्हणं?"

शेखर म्हणाला, "अण्णा, डॉक्टर इतक्या लांबच्या विमानाला नको म्हणतील. फोन करू की भारतला."

"फोनवर बोललेलं नव्हतं म्या त्याला. समोर हुबं करून बोललो व्हतो. समोरच जाया पायजे."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"हितं बसून काय व्हनार नाय का?"

शेखरने आज त्यांचे फोटो काढून घेतले. तू आमंत्रणाचं पत्र दिलंस तरच व्हिसा होईल, असं एजंट म्हणतो. ते द्यायचं की नाही तुझ्यावर आहे. माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस, एवढं लिहिते. लिहिण्याचा हक्क नाही, तरी लिहिते.

शुभांगी

सातपूर
२८ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं आमंत्रणपत्र आणि कागद शेखरच्या मेलवर आले. अण्णांचं नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर आहे. खाली तुझी सही बघितली. भ अजून तसाच काढतोस.

माझ्या पत्रांबद्दल त्यात काही नव्हतं. असायचं कारणही नाही. पण ती तू वाचलीस, हे कळलं.

अण्णांच्या गोळ्यांची यादी सोबत पाठवते. सकाळची पांढरी जेवणाआधी. ती ते चुकवतात आणि घेतली म्हणून सांगतात.

शुभांगी

सातपूर
९ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू आता रोज त्यांना बघतोस, तेव्हा ते कसे आहेत हे मी लिहायला नको. ते इथून कसे निघाले तेवढं लिहिते. ते तुला सांगणार नाहीत.

मळा लखनला वाट्याने दिला. मागच्या वस्तीवरचा, तू ओळखतोस त्याला. आईचा फोटो पिशवीत कपड्यांच्या मधे ठेवला. शेखरने गाडी भाड्याने घेतली. अण्णा पुढे बसले, मी मागे. मी येऊ नये असं ते म्हणाले नाहीत, ये असंही नाही.

इगतपुरीच्या पुढे घाट उतरताना शेखरला म्हणाले, "किती लांब हाय म्हनं त्ये?"

शेखरला आकडा माहीत नव्हता. मागून मी म्हटलं, "बारा हजार तीनशे किलोमीटर."

ते काचेतून बाहेर बघत राहिले. मग शेखरलाच विचारलं, "दादरच्या किती खेपा व्हतील?" तीस वर्षं ते टेम्पोत फुलांवर बसून दादरच्या बाजारात गेले, त्यांना दुसरं माप ठाऊक नाही.

मी म्हटलं, "सत्तर."

"सत्तर," ते शेखरला म्हणाले, जणू त्यानेच सांगितलं होतं. "जाऊन-येऊन का नुसतं जानं?"

"नुसतं जाणं," मी म्हटलं.

मी एका कागदावर मराठी आणि त्याखाली इंग्रजी अशी वाक्यं लिहून दिली होती. मला चालता येत नाही, खुर्ची हवी. चहात साखर नको. माझा मुलगा बाहेर उभा आहे. बोट ठेवून दाखवलं की समोरच्याला कळेल. शेखरने तो कागद त्यांच्या हातात दिला तर म्हणाले, "कोनी लिवलंय?" शेखर म्हणाला, "मी." तेव्हा त्यांनी तो खिशात ठेवला.

विमानतळावर आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही काचेबाहेर उभे होतो. एका माणसाने त्यांची चाकाची खुर्ची ढकलत नेली. शेखरने हात हलवला, त्याला त्यांनी हात हलवला.

घरी येताना आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर मी फोनवर विमान बघत होते. आधी बंगालचा उपसागर. सिंगापूरला ते थांबलं तेव्हा मला भीती वाटली की दुसऱ्या विमानाच्या दाराशी त्यांना कोणी नेलं नाही तर काय. मग ऑस्ट्रेलिया, ती संपतच नाही. सविता वहिनींनी शेखरला पाठवलेला फोटो आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तुम्ही दोघं सामानाच्या गाडीशी उभे आहात. तुझा हात त्यांच्या पाठीवर आहे आणि दोघंही खाली बघताय. ते काय बोलले, मला माहीत नाही. मला सांगावं असं नाही. फोटो मी दोनदाच बघितला.

शुभांगी

सातपूर
१६ डिसेंबर २०२५

दादा,

आता तू फोन उचलतोस, तरी हे लिहूनच पाठवते. फोनवर माझ्याने होणार नाही.

३ तारखेला सकाळी अकराला तुझा नंबर दिसला तेव्हा मला आधी वाटलं, चुकून लागला. तुझा आवाज मी वीस महिन्यांनी ऐकला. तू म्हणालास, "शुभे, अण्णांना अटॅक आलाय. डॉक्टर आत्ता बोलून गेले. एक दिवस, दोन दिवस म्हणतात. मी अजून सवितालाही सांगितलं नाही. आधी तुला लावला."

तू टोमणा मारत नव्हतास, हे मला आवाजावरून कळलं. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

मी काय करणार होते. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. असता तरी व्हिसाला आठवडे लागले असते. तुला मात्र मी तिथं नसणं चालणार नव्हतं. तू फोन त्यांच्या उशाशी ठेवलास, नळ्या दाखवल्यास, नर्स काय म्हणाली ते एकेक वाक्य मराठीत करून सांगितलंस. बुधवारचा सगळा दिवस आणि गुरुवारची सकाळ मी त्या खोलीत होते. आईच्या वेळी तू कुठेच नव्हतास.

गुरुवारी त्यांनी डोळे उघडले तेव्हा तू म्हणालास, "अण्णा, बघा, कोण आहे." त्यांनी खूप वेळ बघितलं. जुलैपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मग म्हणाले, "जेवलीस का, सरू?"

मी आईसारखी दिसते, सगळे म्हणतात. मी म्हटलं, "हो, जेवले." तू बाजूला उभा होतास. शुभांगी आहे ती, अण्णा, असं तू म्हणू शकला असतास. म्हणाला नाहीस. दुपारी ते गेले.

तू तिथे अग्नी दिलास. इथे आम्ही परवा गोदावरीवर दहावा केला. पाहुणे जमले होते, घाटाच्या पायऱ्यांवर बसले होते. लंकाआत्या रडत होती. भाऊ गेला, तिने तोंडही बघितलं नाही. रडता रडता म्हणाली, "त्या पोरानं आईला टाकलं आन बापाला परमुलखात नेऊन मारलं." दोन-तीन जणांनी माना हलवल्या.

शेखरने माझ्या हाताला धरलं होतं. मी सोडवून उभी राहिले. सगळं सांगितलं. सोमवार दहा वाजता, बुधवार पाच वाजता. अण्णांना मी काय सांगितलं, तुला अंगणात कसं उभं केलं, अण्णा तुझ्याकडे का निघाले. मोठ्याने सांगितलं, कारण मागे ऐकू जात नव्हतं.

भटजी भांडी आवरत होते, ते थांबले. मग आत्याने डोळे पुसले आणि एकच विचारलं, "सरूला काय सांगितलं व्हतं तू?"

हा प्रश्न तू कधी विचारला नाहीस, अण्णांनीही नाही. पाच पत्रांत मी तो टाळला. तिथे घाटावर उत्तर दिलं, म्हणून आता तुलाही देते. दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

आत एकालाच सोडायचे. आत मी होते. मंगळवारी आईने विचारलं, "भारतला कळवलं का?" मी म्हटलं, कळवलं, तो निघतोय. तिला इतकं बरं वाटलं की तिने उशी उंच करायला लावली. बुधवारी सकाळी म्हणाली, "कुठवर आला?" मी म्हटलं, विमानात बसला. मला तास पाठ झाले होते. अकराला पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, सिंगापूरला आहे. तिला सिंगापूर म्हणता येईना, ती हसली. चारला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मुंबईत उतरला, गाडीत बसतोय.

तुला तोवर काहीच माहीत नव्हतं. तुझ्याकडे रात्र होती, तू झोपला असशील.

तिने माझा हात हातात घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "तू लय केलं माझं." मग म्हणाली, "मी जरा पडते आता. तो आला की उठव मला."

ती नंतर बोलली नाही. मी बाहेर आले आणि तुला फोन लावला.

शुभांगी